घाणच होती, पण फुकट होती

‘असल्या सिनेमाला पैसे देणं हेच मुळी पाप आहे.’ हे वाक्य 2016 च्या जुलैत उधन्यापासून अडाजणपर्यंत इतक्यांच्या तोंडी होतं, की सुरतेत अचानक नीतिमत्तेची साथ आली की काय असं वाटावं. गंमत एवढीच, की हे म्हणणाऱ्या प्रत्येकाला दूधवाडीच्या हवेलीतल्या भुताची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत ठाऊक होती. कुठला विनोद जास्त हलकट, कोण कुठे कुणाच्या अंगावर पडतं, उर्वशी रौतेलाने काय नेसलं होतं आणि काय नव्हतं, सगळं तोंडपाठ. ‘ग्रेट ग्रँड मस्ती’ हा सिनेमा थिएटरातल्या ठरलेल्या तारखेच्या पंधरवडाभर आधीच मेमरी कार्डांवर येऊन बसला होता, शेअरइटवरून या फोनातून त्या फोनात उड्या मारत होता. निर्मात्यांनी 22 जुलैची तारीख घाईघाईने 15 वर ओढली, तोवर ज्यांना बघायचा त्यांचा बघून झाला होता. घरी बघायची डीव्हीडी आधी आणि पडदा नंतर, असा उलटा प्रवास. बरं, बघितला तर बघितला, गप्प बसावं. पण आपल्याला नुसतं फुकट बघून समाधान होत नाही. वर सात्त्विकतेचा शिक्काही लागतो.

सिनेमाबद्दल आधी बोलून टाकतो, मी त्याची वकिली करतोय असा समज नको. सिनेमा वाईट आहे. चावट आहे म्हणून वाईट म्हणत नाही. ज्या समाजाने दादा कोंडक्यांचे लागोपाठ नऊ सिनेमे रौप्यमहोत्सवी करून त्यांचं नाव गिनीज बुकात नेलं, त्याला द्व्यर्थी संवादावर नाक मुरडता येत नाही. दादांच्या वाक्याला वरवरचा एक निरागस अर्थ असे आणि दुसरा प्रेक्षकाला आपल्या अकलेने शोधावा लागे. सेन्सॉरची पंचाईत तिथेच व्हायची. इथे निरागस अर्थ लिहायचे कष्टच कुणी घेतलेले नाहीत. संसाराला विटलेले तीन नवरे, विकायला काढलेली हवेली, एक अतृप्त भूत आणि दोन तास ओरडाआरडा. शिवाय मला नावाचाच राग आहे. 2004 साली ‘मस्ती’, 2013 साली ‘ग्रँड मस्ती’, 2016 साली ‘ग्रेट ग्रँड मस्ती’. सिनेमा जितका आटतो तितकं नाव फुगतं, हा नियम कुणीतरी अभ्यासावा. यात काम करणाऱ्या रितेश देशमुखचं मात्र वाईट वाटतं. लपूनछपून कॅसेट बघणाऱ्या पोरांवरचा ‘बालक-पालक’ याच माणसाने निर्माण केला. त्या काळी चोरून बघायलाही व्हीसीआरचं भाडं मोजावं लागे, आणि त्या सिनेमातली पोरं निदान ओशाळत तरी होती.

आता सुरुवातीच्या त्या वाक्याकडे येऊ. त्यातला युक्तिवाद असा: घाणेरड्या सिनेमाला पैसे दिले की निर्माता सोकावतो आणि पुढचा भाग काढतो, म्हणून पैसे न देता बघणं हे एक प्रकारचं समाजकार्य. यातला पहिला भाग बिनचूक आहे. ‘ग्रँड मस्ती’ शंभर कोटींच्या घरात गेला नसता, तर हा तिसरा जन्मलाच नसता. पण त्यावरून निघतं ते एवढंच, की पैसे देऊ नका. ‘आणि तरीही बघा’ हे मधूनच कुठून आलं? बहिष्काराला जगभर एकच अट असते, की ज्यावर बहिष्कार टाकला त्याच्यावाचून राहायचं. 1921 च्या जुलैअखेर परळला विदेशी कापडाची होळी झाली, तेव्हा लोकांनी चांगले कपडे आगीत टाकले आणि नंतर जाडीभरडी खादी नेसली. त्यात झळ होती, म्हणून त्याला किंमत होती. आपल्या आजच्या बहिष्कारवीरांची रीत तेव्हा कुणाला सुचली असती तर मँचेस्टरचं तलम धोतर रात्री दुकानातून उचलून आणायचं, नेसून गावभर मिरवायचं, आणि गिरणीवाल्याला दमडी दिली नाही म्हणून स्वतःला देशभक्त म्हणवून घ्यायचं. गांधीजींना केवढा त्रास वाचला असता!

यावर चटकन उत्तर येतं, की बघितल्याशिवाय घाण आहे हे कळणार कसं? अहो, तिसरा भाग आहे. ‘ए’ प्रमाणपत्र आहे. भिंतीवरचं पोस्टर आहे आणि त्या पोस्टरात लपवलेलं काही नाही. एवढ्यावरून ज्याला कळत नाही, त्याला दोन तास बघूनही कळायचं नाही. आणि ‘आधी बघू, आवडलं तर पैसे देऊ’ हे तर सुरतेच्या माणसाने म्हणूच नये. महिधरपुऱ्याच्या हिरेबाजारात लाखोंचा माल जांगडवर फिरतो. दलाल एका चिठ्ठीवर पुडी घेऊन जातो, गिऱ्हाईक हिरा भिंगाखाली बघतं, पसंत पडला तर सौदा, नाही तर पुडी जशीच्या तशी परत. सगळा व्यवहार विश्वासावर, आणि त्याची मेख ‘जशीच्या तशी परत’ या तीन शब्दांत. बघितलेला सिनेमा कसा परत करणार? हसलात ते हसू कुठल्या पुडीत बांधून देणार? जांगडचा हिरा अंगठीत घालून पुतणीच्या लग्नात मिरवला आणि मग ‘पाणी बरं नाही’ म्हणून परत पाठवला, तर बाजार त्या माणसाला पुन्हा दारात उभं करणार नाही. तिथे आपल्याला हे लख्ख कळतं. मोबाइल हातात आला की कळेनासं होतं.

हा युक्तिवाद मनापासूनचा असता तरी मी थोडा नरमलो असतो. तसा तो नाही, हे त्याच उन्हाळ्याने दाखवलं. मे महिन्यात याच फोनांवर ‘सैराट’ होता. त्यात तर घाण नव्हती. लोक रडले, गाण्यांवर नाचले, दिग्दर्शक नागराज मंजुळेंना महान म्हणाले, आणि चोरट्या प्रतीच बघत राहिले. तेव्हाचं कारण काय, तर थिएटरात फार गर्दी आहे. जूनमध्ये ‘उडता पंजाब’ प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी फुटला, त्या प्रतीवर ‘फॉर सेन्सर’ अशी अक्षरं होती. तेव्हाचं कारण, की कात्री लागायच्या आधीचा अस्सल सिनेमा बघायचा होता, म्हणजे चक्क अभिव्यक्तिस्वातंत्र्यासाठी. जुलैमध्ये तेच कार्ड, तोच फोन, तीच बोटं, आणि कारण शालीनतेचं. सिनेमा चांगला म्हणून फुकट, वादग्रस्त म्हणून फुकट, घाण म्हणून फुकट. तीन महिन्यांत तीन तत्त्वं बदलली, फुकट मात्र टिकून राहिलं. मग तत्त्व कुठलं आणि सवय कुठली, हे ठरवायला फार बुद्धी लागत नाही.

गंमत म्हणजे ‘घाण म्हणून फुकट’ ही सबब एकदा मोठ्या कोर्टात जाऊन जिंकलेली आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात लंडनला एलिनॉर ग्लिन नावाच्या लेखिकेने एका चित्रपट कंपनीवर दावा लावला. तिच्या ‘थ्री वीक्स’ या खळबळजनक प्रेमकादंबरीवरून कंपनीने एक विनोदी विडंबनपट काढला होता. न्यायमूर्ती यंगर यांचं मत पडलं, की मुळात ही कादंबरीच व्यभिचाराचे गोडवे गाणारी, अनैतिक. असल्या पुस्तकाच्या हक्काचं रक्षण न्यायालय करणार नाही. ऐकायला भारदस्त वाटतं. पण परिणाम बघा. सभ्य पुस्तक छापायचं तर लेखकाची परवानगी आणि मानधन. असभ्य पुस्तक कुणीही उचलावं आणि हव्या तितक्या प्रती काढाव्यात. नीतीच्या नावाने न्यायालयाने अनीतीचा कागद स्वस्त करून दिला! अमेरिकेत 1979 साली ‘बिहाइंड द ग्रीन डोअर’ या उघडउघड प्रौढ सिनेमाच्या चोरट्या प्रदर्शनाचा खटला अपील न्यायालयात आला, तेव्हा तिथल्या न्यायाधीशांनी शहाणपणा केला. सिनेमा अश्लील असेल तर त्याचा कायदा वेगळा आहे, चोराने अश्लीलता बचाव म्हणून वापरू नये, असा तो निकाल. आपला 1957 चा कॉपीराइट कायदाही कलाकृतीला चारित्र्याचा दाखला मागत नाही. प्रती काढून विकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन लाखांपर्यंत दंड, मग सिनेमा ‘श्यामची आई’ असो की ‘मस्ती’.

आणि हे सगळं सुरतेत समजावून सांगावं लागतं, याची चीड जास्त. रिंग रोडच्या कुठल्याही मार्केटात हंगामाच्या तोंडावर नवी डिझाइन्स कशी झाकून ठेवतात ते बघा. शेजारच्या गाळ्यातल्या माणसाची नजर पडली तर आठ दिवसांत तीच साडी दहा रुपयांनी खाली निघते, ही भीती. ज्याचं डिझाइन उचललं जातं तो महिनाभर झोपत नाही. उचलणारा ‘तसं काही फार चांगलं डिझाइन नव्हतं, मला तर रंगसंगती किळसवाणीच वाटली’ असं म्हणाला, तर त्याचं काय होईल ते लिहायला नको. अर्थात याच शहरात येवल्याच्या पैठणीची आणि पाटणच्या पटोळ्याची नक्कल पॉलिएस्टरवर छापून ट्रकांनी बाहेर जाते, तेव्हा दुसऱ्याच्या घामाबद्दलचा आपला हळवेपणा आपल्या गाळ्यापुरताच असतो हेही आलंच. पण निदान नकली पैठणी विकणारा पैठणीला शिव्या तरी देत नाही.

बाकीच्या सबबी लवकर निघतील. नट कोट्यधीश आहेत, त्यांना काय फरक पडतो? त्यांना पडतच नाही, त्यांनी आधीच घेतलेले असतात. फटका बसतो तो वितरकाला आणि एकपडदा थिएटरवाल्याला. मल्टिप्लेक्सचं तिकीट परवडत नाही? लिंबायत-पांडेसऱ्यातला, लूमवर बारा तास उभा राहणारा माणूस हे म्हणाला तर मी मान खाली घालतो. पॉपकॉर्नचे ते भाव लावणाऱ्यांनी त्याला प्रामाणिकपणा शिकवू नये, मीही शिकवणार नाही. एवढंच लक्षात आणून देतो, की त्याच्याच भाषेत, अहिराणीत, गाणी आणि नकला करून सीडी विकणारे खान्देशातले छोटे कलाकार या मेमरी कार्डानेच आधी मारले, या सिनेमाचे निर्माते बालाजीवाले नंतर. आणि सेन्सॉरने असा सिनेमा पास केलाच कसा, म्हणाल, तर तेव्हा सेन्सॉर मंडळाचे अध्यक्ष पहलाज निहलानी होते. 1994 चा ‘अंदाज’ त्यांनीच काढला होता. त्यातलं ते कुप्रसिद्ध गाणं ज्यांना आठवतं त्यांना उत्तर मिळालं, ज्यांना आठवत नाही त्यांनी शोधू नये.

एका गोष्टीवर मात्र सात्त्विक मंडळींनी खरंच बोलायला हवं होतं, आणि तिथेच ती मूग गिळून बसली आहेत. ‘ए’ प्रमाणपत्राची अंमलबजावणी थिएटरच्या दाराशी होते. दारावरचा माणूस मिसरूड न फुटलेल्या पोरांना परत पाठवतो. दर वेळी पाठवतो असं नाही, पण पाठवायला कुणीतरी उभा असतो. श्याम बेनेगल समितीने 2016 च्या एप्रिलमध्ये ‘ए’च्याही पुढची, सावधगिरीचा इशारा देणारी वेगळी श्रेणी सुचवली, ती असल्याच सिनेमांसाठी. फोनाला दार नाही. ज्या कौटुंबिक ग्रुपवर सकाळी फुलं, सुविचार आणि हात जोडलेली चित्रं येतात (त्यांचा मला वेगळा वैताग आहे), त्याच फोनात दुपारी हा सिनेमा उतरतो आणि संध्याकाळी तो फोन पोरांच्या हाती खेळायला जातो. भुसावळच्या गाडीत तर इअरफोन न लावता, सगळ्या डब्याला ऐकू जाईल असा. तिकीट काढून बघणाऱ्याने घाण निदान अंधारात, मोठ्या माणसांत बसून बघितली असती. पैसे न देऊन संस्कृती वाचवणाऱ्याने ती घरात आणली.

माझी मागणी माफक आहे. बघायचा नसेल तर बघू नका, त्यासारखी शिक्षा त्या सिनेमाला दुसरी नाही. बघायचाच असेल तर तिकीट काढा, आणि मग वाटेल तितक्या शिव्या घाला. पैसे मोजून दिलेल्या शिवीला वजन असतं. मधला रस्ता धरायचा असेल तर धरा, मी कोण अडवणार, फक्त त्याला व्रत म्हणू नका. तसंही तिकीटबारीवर सिनेमा पडला आहे. निर्मात्यांनी चोरीकडे बोट दाखवलं, आणि या एका सबबीत ते आपल्या प्रेक्षकांचे सख्खे भाऊ शोभतात: सिनेमा टुकार होता, हे कारण त्यांनाही सुचत नाही.

असे सिनेमे यथावकाश टीव्हीवर येतातच. ‘ए’ सिनेमा तसाच्या तसा दाखवता येत नाही, म्हणून मागच्या ‘ग्रँड मस्ती’लाही टीव्हीसाठी भरपूर कात्री लागली होती आणि तरी प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेलं. याचंही तसंच. सगळी घाण काढून उरते ती हवेली, तीन नवरे आणि साबणाच्या जाहिराती. म्हणजे कायदेशीर, फुकट आणि सोवळ्यातला. ज्यांना फक्त अश्लीलतेचा आक्षेप होता त्यांची याहून चांगली सोय होणार नाही. अशा एखाद्या रविवारी दुपारी किती जण रिमोट खाली ठेवून तो शेवटपर्यंत बघतात, ते बघायला मी उत्सुक आहे.