पत्रा आणि त्याची खपली

कोकणात कौलं उतरवून पत्रा घालण्याचं प्रमाण वाढलं, त्यात माकडांचा वाटा मोठा आहे. टोळी एकदा छपरावरून गेली की कौलांचा चुरा, आणि घर शाकारायला माणूस मिळत नाही. मग फॅब्रिकेटर येतो. पहिला प्रश्न गेजचा, दुसरा रंगाचा, तिसरा भावाचा. पत्रा कशाचा, हे मात्र कोणी फारसं विचारत नाही.

साध्या पन्हाळी पत्र्याला हे चालून जातं, कारण तिथे धातूच्या आधी स्क्रूची भोकं दगा देतात. पत्रा उन्हात फुगतो, रात्री आक्रसतो, भोक सैलावतं, रबरी वॉशर तडकतो आणि आत ठिबकायला लागतं. स्टँडिंग सीम छपरात वरून मारलेला स्क्रूच नसतो. लांब पट्ट्यांच्या कडा वर उभ्या करून शेजारच्या पट्टीच्या कडेत दुमडतात. खाली पर्लिनवर, म्हणजे छपराच्या आडव्या आधारांवर, लपलेल्या क्लिपा ती दुमड धरून ठेवतात आणि पत्र्याला मागेपुढे सरकायला वाव देतात. विमानतळांवर अशी छपरं दिसतात, हल्ली काही बंगल्यांवरही. भोकाचा प्रश्न मिटला की छपराचं आयुष्य धातूवर येऊन ठेपतं.

धातू मुळात टिकतो कसा? बहुतेक धातू खाणीत मोकळे सापडत नाहीत. प्राणवायू नाहीतर गंधकाशी बांधलेले असतात. भट्टीत प्रचंड उष्णता ओतून आपण त्यांना सोडवतो, आणि हवेत ठेवताक्षणी ते परत निघतात. ही परती थांबत नाही. पण त्या वाटेवर धातूच्या अंगावर जो थर धरतो, तो जखमेवरच्या खपलीसारखा घट्ट बसतो की भुसभुशीत होऊन गळतो, यावर सारं अवलंबून. लोखंडाचा गंज गळतो आणि खालचा धातू पुन्हा उघडा पडतो. जस्त, तांबं, अ‍ॅल्युमिनियम यांची खपली बसते. मात्र तिघांना ती धरायला वेगवेगळी हवा लागते. म्हणून धातू निवडायचा तर आधी आपल्या हवेत कोणती खपली धरेल, हे पाहावं लागतं.

जस्ताचं पाहा. पॅरिसची करडी छपरं जस्ताची आहेत. 1853 नंतर तिथला प्रशासक ओस्मान याने शहर नव्याने बांधायला घेतलं तेव्हा हा हलका, सहज वाकणारा पत्रा तिथे सर्रास पसरला. तिथल्या जस्त-कारागिरांचं कसब 2024 साली युनेस्कोच्या वारसायादीत गेलं. (जस्त भट्टीतून ऊर्ध्वपातनाने काढण्याची विद्या मात्र राजस्थानातल्या जावरला त्याच्या कित्येक शतकं आधी होती.) पावसाने भिजायचं, मग वाळायचं, आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून करडा कार्बोनेट धरायचा, अशी ही खपली. वाळायला सवडच मिळाली नाही तर तिच्या जागी पांढरी भुकटी येते. जून ते सप्टेंबर ओलाच राहणाऱ्या, वर खाऱ्या वाऱ्याच्या किनाऱ्यावर ही अट पाळायची कोणी?

तांब्याची खपली सर्वांत खानदानी. आधी तपकिरी, मग काळपट, पुढे वर्षांनी हिरवी. केरळातल्या कित्येक मंदिरांच्या गाभाऱ्यांवर तांब्याचा पत्रा आहे, आणि समुद्राकाठीही तो निभावतो. अडचण किमतीची, आणि वाहत्या पाण्याची. तांब्यावरून उतरलेल्या पागोळ्यांत थोडं तांबं विरघळलेलं असतं, आणि ते खालच्या जस्ताच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पन्हळीला खात सुटतं.

अ‍ॅल्युमिनियमची खपली डोळ्यांना दिसतही नाही. केसाच्या जाडीचा दहा हजारावा भागही ती भरत नाही, पण ओरखडा पडला की क्षणात पुन्हा धरते. मीठ तिच्यात बारीक खड्डे पाडतं. मात्र हे खड्डे वाढण्याचा वेग काळाबरोबर मंदावतो. ती हरते चुना-सिमेंटपुढे. चिऱ्याच्या भिंतीला ओला गिलावा चालू असताना पत्र्यावर शिंतोडे उडाले की तिथे कायमचा डाग. शिवाय हा धातू पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतो: दहा मीटरची पट्टी पन्नास अंशांच्या फरकात साधारण 12 मिलिमीटर, पोलादाची 6. त्यामुळे क्लिपा अ‍ॅल्युमिनियमच्या हिशेबाने निवडाव्या लागतात. आणि नारळ पडला तर पोचा येणार, हे गृहीतच धरायचं.

उरलं पोलाद, म्हणजे बहुतेकांच्या घरावर प्रत्यक्षात जातं ते. त्याला स्वतःची धड खपली नाही, म्हणून दुसऱ्याची उसनी देतात. जीआय पत्र्यावर जस्त. 1972 पासून बाजारात असलेल्या गॅल्व्हल्यूमवर वजनाने 55 टक्के अ‍ॅल्युमिनियम, सुमारे 43.4 टक्के जस्त आणि थोडं सिलिकॉन. इथे ग्रॅमचा आकडा फसवतो. चौरस मीटरला 275 ग्रॅम जस्त आणि 150 ग्रॅम गॅल्व्हल्यूम, दोन्हींचा थर एका बाजूला साधारण 20 मायक्रॉनच भरतो, कारण अ‍ॅल्युमिनियम हलकं. सपाटीवर गॅल्व्हल्यूम सरस. कापलेल्या कडेवर मात्र जस्त स्वतः झिजून पोलादाला वाचवण्यात जास्त तत्पर.

किनाऱ्यावरचं घर जुनं झालं की गंज कुठून सुरू होतो, ते बघावं. भर पावसात धुऊन निघणाऱ्या उतारावर तो उशिरा येतो. आधी येतो वळचणीखाली, पडवीच्या आतल्या बाजूला, जिथे वाऱ्याने आणलेलं मीठ बसतं आणि पाऊस पोचत नाही. पत्रा घेताना आपण वरच्या बाजूचा रंग न्याहाळतो. विचारायचं असतं खालच्या बाजूबद्दल, आणि हमीपत्रात समुद्रापासूनच्या अंतराची काय अट लिहिली आहे त्याबद्दल.

माझं मत विचाराल तर लाटांचा आवाज ऐकू येणाऱ्या घरावर रंग दिलेलं 0.9 मिलिमीटरचं अ‍ॅल्युमिनियम. घाट चढून वर आलात की चांगलं रंगवलेलं गॅल्व्हल्यूम, आणि वाचलेले पैसे कुशल कारागिराला. अ‍ॅल्युमिनियम घातलंत तर एक काम विसरू नका. वीजरोधकवाला सवयीने तांब्याची पट्टी आणतो आणि ती थेट पत्र्यावरून खाली सोडतो. त्याच्याकडून अ‍ॅल्युमिनियमची पट्टी मागून घ्या, आणि तांब्याशी तिचा जोड छपराखाली, भिंतीवर, दोन धातूंसाठी मिळणाऱ्या जोडपट्टीने करायला सांगा.