उंबरठा आणि रांग

डिप्लोमाचा निकाल लागला की आर्वी, हिंगणघाट, पुलगाव, वर्ध्यातल्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो : ‘किती पडले? एवढ्यात कुठे लागेल?’ दहावीनंतर तीन वर्षं डिप्लोमा करायचा आणि तिथून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात शिरायचं, ही आपल्याकडची जुनी वाट. ‘डायरेक्ट सेकंड इयर’. अमेरिकेतली मुलं कम्युनिटी कॉलेजमधून युनिव्हर्सिटीत जातात, त्याचं हे आपलं रूप म्हणता येईल. मीही याच वाटेने आलो. आज सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. तरी त्या ग्रुपवरच्या प्रश्नामागचा दुसरा, न विचारलेला प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही : टक्के नेमकं काय सांगतात? जागा कोणाची हे, की लायकी कोणाची हे?

या प्रवेशात टक्के दोन वेगवेगळी कामं करतात. पहिलं काम उंबरठ्याचं. खुल्या प्रवर्गाला 45 टक्के, राज्यातल्या मागास प्रवर्गांना 40 टक्के. एवढे असले की तुम्ही अर्ज करू शकता. हा आकडा एकच विचारतो : या मुलाला दुसऱ्या वर्षाचा अभ्यास झेपेल का? दुसरं काम रांगेचं. उंबरठा ओलांडलेल्या सगळ्यांना टक्क्यांप्रमाणे उभं करायचं आणि कॅप राउंडमध्ये वरून एकेकाला कॉलेज द्यायचं. इथे प्रश्न बदलतो : याच्या पुढे कोण आहे?

आकडा तोच, पण दोन प्रश्न पूर्ण वेगळे आहेत. पहिल्याचं उत्तर त्या मुलाबद्दल असतं. दुसऱ्याचं उत्तर त्या वर्षी आणखी कोणकोण रांगेत होतं, त्याबद्दल असतं.

आणि ही रांग इंजिनिअर होण्याची नसतेच. पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या जागाही दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाला मिळतात, त्यामुळे पन्नास टक्केवाल्यालाही कुठेतरी जागा सापडते. रांग असते ती पुण्याच्या सीओईपीसाठी, मुंबईच्या व्हीजेटीआयसाठी, सरकारी फीसाठी, कॉम्प्युटर ब्रँचसाठी. तिथली यादी नव्वदीच्या बरीच पुढे थांबते. म्हणजे 71 टक्केवाल्याला ‘तू नापास’ असं कोणीच सांगितलेलं नसतं. पण त्याला ऐकू तेच येतं. घरच्यांनाही.

माझा एक मित्र देवळी तालुक्यातला. आम्ही डिप्लोमा करत होतो तेव्हा मेरिटला शेवटच्या वर्षाचे, म्हणजे पाचव्या आणि सहाव्या सेमिस्टरचे टक्के धरत. पाचव्या सेमिस्टरची परीक्षा हिवाळ्यात येते. आपल्या जिल्ह्यात तेव्हा कापसाची वेचणी जोरात असते आणि मजूर मिळत नाही. तो शनिवार-रविवार शेतात असायचा, परीक्षेच्या सुट्ट्यांतही. त्याला माझ्यापेक्षा जवळपास दोन टक्के कमी पडले. मला सरकारी कॉलेज मिळालं, त्याला खाजगी, आणि घरावर कर्ज. पुढे तिसऱ्या सेमिस्टरला लाप्लास ट्रान्सफॉर्म मला त्यानेच फोनवर समजावून सांगितलं.

मला ती जागा नियमाने मिळाली, आणि त्यात काही गैर नव्हतं. पण ‘मी त्याच्यापेक्षा लायक होतो’ हे वाक्य मला कधीच उच्चारता आलं नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स याने 1971 साली ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’ या पुस्तकात हा फरक नीट मांडला. नियम आधी जाहीर केले आणि कोणी त्यांप्रमाणे वागून काही मिळवलं, तर त्या गोष्टीवर त्याचा हक्क तयार होतो. पण म्हणून तो माणूस नैतिकदृष्ट्या जास्त पात्र ठरत नाही. कोणत्या घरात जन्मलो, डोकं कसं मिळालं, कष्ट करायची सवय लावणारं कोणी होतं का, यातलं आपल्या हातात फार थोडं असतं. हक्क आणि लायकी या दोन वेगळ्या वह्या आहेत. आपण सगळी नोंद एकाच वहीत करतो.

मग काय, टक्के सोडून द्यायचे? प्रत्येकाची परिस्थिती बघून प्रवेश द्यायचे? हा विचार मोहात पाडतो, पण परिस्थिती बघणार कोण? मुलाखत ठेवली की इंग्रजी सफाईने बोलणारा पुढे जाईल, शिफारस ठेवली की ओळख असणारा. मित्राचे वडील यादी बघून म्हणाले होते, “नाव दिसते ना यादीत? मंग झालं. कोनाच्या पाया तं नाही पडा लागत.” शेतकऱ्याच्या घरात या गोष्टीची किंमत फार मोठी आहे. टक्के आंधळे असतात, आणि त्या आंधळेपणाचा फायदा ज्याच्यामागे कोणी नाही त्याला सगळ्यात जास्त होतो. म्हणून रांग टक्क्यांनी लावावी याच्या मी बाजूने आहे.

पण तो गज किती सरळ आहे, हेही बघायला हवं. राज्यातली बहुतेक पॉलिटेक्निक तंत्रशिक्षण मंडळाची परीक्षा देतात. नागपूरचं किंवा अमरावतीचं शासकीय तंत्रनिकेतन मात्र स्वायत्त आहे, आपले पेपर आपणच काढतं. दोघांचे टक्के येतात एकाच यादीत. कोविडच्या काळात घरून ऑनलाइन परीक्षा दिलेला मुलगा आणि हॉलमध्ये तीन तास लिहिणारा मुलगा, हेही एका यादीत येऊ शकतात. टर्मवर्क, ओरल, प्रॅक्टिकल यांचे मार्क प्रत्येक ठिकाणी वेगळ्या हाताने पडतात. एवढ्या वेगवेगळ्या गजांनी मोजून आपण दशांश चिन्हापुढच्या दोन आकड्यांवर दोन मुलांची आयुष्यं वेगळी करतो. रांग लावायला कुठेतरी रेघ ओढावी लागते, हे मान्य. पण ती रेघ काढणाऱ्याच्या सोयीची आहे, हे विसरायला नको.

शिवाय जे मोजलं जातं आणि जे पुढे लागतं, त्यातही अंतर आहे. डिप्लोमाचा मुलगा दुसऱ्या वर्षात येतो तेव्हा बाकीच्यांचं पहिल्या वर्षाचं गणित झालेलं असतं, याचं नसतं. वर्गात डेरिव्हेशन सुरू झालं की तो मागे पडतो. लॅबमध्ये सर्किट चालेना की सगळे त्याच्याकडे बघतात. डिप्लोमात 88 टक्के घेणारे एम-थ्रीत अडकलेले मी पाहिलेत, आणि 65 वाले सहज निघून गेलेलेही.

हाताच्या या कौशल्याला किंमत किती, हा प्रश्न वर्ध्याला नवा नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये इथेच राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली, झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि ‘नई तालीम’चा आराखडा तयार झाला. त्या समितीने परीक्षापद्धतीवर कडक टीका केली होती. तिचं म्हणणं साधारण असं : एकेका मुलाला परीक्षेत तोलण्याऐवजी काही मुलांचा नमुना घ्या आणि शाळा नीट शिकवते का ते तपासा. म्हणजे परीक्षा शाळेची. आज त्याच सेवाग्राममध्ये आश्रमही आहे आणि इंजिनिअरिंग कॉलेजही. तिथे येणारी मुलं टक्क्यांच्या यादीतूनच येतात. यात कोणाला टोमणा नाही. 1937 ची समिती सात वर्षांच्या, सगळ्यांसाठीच्या शालेय शिक्षणाबद्दल बोलत होती. तिथे जागा अपुऱ्या पडणार नव्हत्या. जिथे अपुऱ्या पडतात, तिथे रांग येतेच.

पण रांग किती ठिकाणी लावायची, हे ठरवता येतं. कॅलिफोर्नियाने 1960 च्या आपल्या उच्च शिक्षणाच्या आराखड्यात कम्युनिटी कॉलेज सगळ्यांना खुली ठेवली आणि तिथून युनिव्हर्सिटीत जायची वाट आखून दिली. तिथल्या राज्य विद्यापीठाचे सहा कॅम्पस आज आधीच सांगतात : अमुक विषय करा, अमुक ग्रेड ठेवा, जागा नक्की. बर्कली आणि लॉस एंजेलिस मात्र अशी हमी देत नाहीत. तिथे रांगच आहे. तरी कम्युनिटी कॉलेजात पाऊल टाकतानाच मुलाला कळतं की आपल्याला किती करायचंय. आपल्या मुलाला ते यादी लागल्यावर कळतं, कारण त्याचं उद्दिष्ट दरवर्षी दुसऱ्यांच्या मार्कांवर हलतं.

आपल्या नियमांतही शहाणपणा होता. शेवटच्या वर्षाचे टक्के धरायचे, याचा अर्थ सोळाव्या वर्षी नव्या वातावरणात अडखळलेल्या मुलाला आपण म्हणत होतो : ते जाऊ दे, आज कुठे आहेस ते सांग. मला हा नियम सगळ्यात माणुसकीचा वाटतो. याच्या उलट कॅम्पसला येणाऱ्या अनेक कंपन्यांची अट बघा : दहावी, बारावी किंवा डिप्लोमा आणि डिग्री, सगळीकडे साठच्या वर. पंधराव्या वर्षीचे मार्क बाविसाव्या वर्षी दारात आडवे येतात. उंबरठा म्हणून लावलेली ही अट त्या मुलाला आज कोड लिहिता येतो का, हे विचारतही नाही.

आता मीही कधीकधी मुलाखतीच्या टेबलाच्या या बाजूला बसतो. समोरच्या रेझ्युमेवर टक्के असतात. मी आधी एखादा छोटा प्रोग्राम लिहायला देतो आणि तो का चालत नाहीये, हे त्याच्याबरोबर शोधतो. टक्के नंतर बघतो. पुष्कळदा बघायची गरज पडत नाही.

या वर्षी ज्यांचं नाव यादीत खाली असेल त्यांनी एवढं करून बघा. घरी सांगताना ‘माझा नंबर लागला नाही’ असं म्हणा, कारण घडलं तेवढंच आहे. आणि ज्यांचा लागला, त्यांनी बिनधास्त आनंद साजरा करा, जागा तुमच्या हक्काची आहे. फक्त ग्रुपवर खाली राहिलेल्या मित्राला फोन करा. तिसऱ्या सेमिस्टरला गणित आहे.