पुस्तकातून खोडलेलं आणि मनातून सोडलेलं



मी रायपूरमध्ये बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला शिकते आणि सुट्टीच्या दिवशी आपल्या चळवळीचे लेख मराठीत आणण्याची सेवा करते. आमच्याकडे मिस्सा हिंदीत, गल्लीत छत्तीसगढी आणि घरात मराठी. त्यामुळे प्रार्थनेतला एखादा शब्द वेगवेगळ्या भाषांतून कानावर पडतो आणि कधीतरी तोच मला अडवतो.

या प्रायश्चित्तकाळात प्रभूच्या प्रार्थनेवरचा एक लेख माझ्याकडे आला. 'अपराधांची क्षमा' असं आपण सहज म्हणून जातो. पण संत मत्तयच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात, त्या जागी जो मूळ ग्रीक शब्द आहे त्याचा अर्थ होतो 'ऋण', म्हणजे देणं. संत लूक 'पापे' म्हणतो, पण लगेच पुढे तोही ऋणकऱ्यांचाच उल्लेख करतो.

देणं म्हटल्यावर मला एकच आकडा आठवला : ३,२०० रुपये.

आमच्या प्रार्थनागटातल्या एका मैत्रिणीला मी मागच्या वर्षी परीक्षेच्या फीसाठी ते दिले होते. परत आले नाहीत. दोनदा आठवण केली, मग मनाशी म्हटलं, जाऊ दे, सोडले. मला स्वतःचं कौतुकही वाटलं. पण तिने नवी ओढणी घेतली की मी मनात तिची किंमत करायची. साधनेला कोण कोण येणार याची यादी करताना मी सगळ्यांसमोर बोलून गेले, "तिला विचारू नका, तिला परवडणार नाही." हळूहळू ती यायची बंद झाली. मी म्हटलं, तिची श्रद्धा थंडावली.

बंधू-भगिनींनो, आम्हांला वर्गात एक फरक शिकवतात. बँक जुनं थकलेलं कर्ज ताळेबंदातून काढून टाकते, त्याला 'राइट-ऑफ' म्हणतात. लोकांना वाटतं कर्ज माफ झालं. तसं नसतं. आकडा पुस्तकातून जातो, पण वसुली चालूच राहते आणि कर्जदार कर्जदारच राहतो. माफी वेगळी. माफीत देणारा आपला हक्कच सोडतो.

मी राइट-ऑफ केलं होतं. वसुली नजरेने चालू होती.

मत्तयच्या अठराव्या अध्यायातला तो सेवक आठवा. त्याचं देणं दहा हजार तलांत. एक तलांत म्हणजे सुमारे सहा हजार दिवसांची मजुरी. हिशेब केला तर सहा कोटी दिवसांची मजुरी होते. राजाने ते सगळं सोडलं. बाहेर पडताच त्याने आपल्या सोबत्याचा गळा धरला, तो शंभर दिनारांसाठी, म्हणजे शंभर दिवसांच्या मजुरीसाठी. ही रक्कम काही अगदी क्षुल्लक नाही. गरिबाला ती लागतेच. येशूलाही ते ठाऊक आहे. पण आणखी एक गोष्ट पाहा : हे पाहून बाकीचे सेवक फार दुःखी झाले. दोघांमधलं देणं दोघांतच राहत नाही, अख्खा समुदाय त्याने जखमी होतो. आमच्या गटात एक जागा रिकामी झाली होती आणि कारण फक्त मला माहीत होतं.

एका शनिवारी मी तिच्या घरी गेले. माफ करायला निघाले होते, पण दारात उभी राहिल्यावर कळलं की देणेकरी मीच आहे. तिच्यामागे मी जे बोलले, त्याची क्षमा मला मागायची होती. ती मी आधी मागितली. पैशांचा विषय नंतर एका वाक्यात संपवला. ती बराच वेळ गप्प होती. पुढच्या शुक्रवारी ती गटात आली नाही. त्याच्या पुढच्या शुक्रवारी आली आणि मागे बसली.

इथे एक सावधगिरी हवी. गटाचा निधी माझ्या हाती असेल, तर तो मी माझ्या मर्जीने सोडू शकत नाही. तो सर्वांचा आहे. त्याचा पै-पैचा हिशेब देणं हीसुद्धा प्रीतीच आहे. सोडायचं ते आपलं स्वतःचं.

छत्तीसगढमध्ये पौष पौर्णिमेला छेरछेरा असतो. मुलं दारोदार जातात, घरची माणसं नव्या धानाची ओंजळ त्यांच्या झोळीत टाकतात. कोणाला किती दिलं, हे कोणी लिहून ठेवत नाही. देणारा दार लावून घेतो तेव्हा त्याचा हात मोकळा असतो.

या आठवड्यात प्रभूची प्रार्थना म्हणताना त्या एका ओळीपाशी क्षणभर थांबा. कोणाचं नाव तुम्ही पुस्तकातून खोडलं आहे, पण वसुली अजून चालू आहे? आणि तुमच्या गटात कोणाची जागा रिकामी आहे?

हे प्रभो, तू आमचं न फिटणारं ऋण क्रुसावर फेडलंस. आमच्या नजरेतला हिशेब पुसून टाक, आणि ज्याच्या दारात जायला आम्हांला जड जातं, तिथवर आम्हांला चालव. आमेन.