घाईतले धर्मोपदेशक

येशूच्या दाखल्यात यरीहोच्या वाटेवर एकाला लुटारू गाठतात. याजक येतो, मंदिराची सेवा करणारा लेवी येतो. दोघेही बाजूने निघून जातात. थांबतो तो शोमरोनी. यहुदी श्रोत्यांच्या लेखी शोमरोनी म्हणजे परका, वाट चुकलेला. आधीचे दोघे नसते, तर त्याचा चांगुलपणा एवढा उठून दिसला असता का?

मग त्या दोघांना निर्दय ठरवून मोकळं व्हायचं?

जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे आडवा येतो. प्रिन्स्टनमध्ये धर्मशास्त्र शिकणाऱ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषणाला धाडलं. निम्म्यांचा विषय चक्क हाच दाखला! वाटेत दारापाशी एक माणूस मान टाकून बसलेला, खोकत, कण्हत. हाताशी वेळ असलेल्यांपैकी ६३ टक्क्यांनी काही ना काही मदत केली. ‘उशीर झालाय, पळा’ असं ऐकलेल्यांपैकी जेमतेम १० टक्क्यांनी. भाषणाच्या विषयाने म्हणावा तसा फरक पडला नाही. काहीजण तर त्याला ओलांडून दाखल्यावर बोलायला गेले.

ही माणसं दगड नव्हती. पोहोचली तेव्हा बरीचशी अस्वस्थ दिसत होती. पुढे कुणीतरी त्यांच्यासाठी खोळंबलं होतं. याजकासाठी कोण खोळंबलं होतं, हे मात्र दाखल्यात कुणी विचारत नाही.