साखरेची पुडी



काही वर्षांपूर्वी पवित्र मिस्सा चालू असताना मागच्या बाकावर एक आई आपल्या सात-आठ वर्षांच्या मुलीला साखर भरवताना मला दिसली. ख्रिस्तप्रसादाला जेमतेम दहा मिनिटे उरली होती. मिस्सानंतर मी तिला चारचौघांत टोकले. ती काही बोलली नाही. मुलीचा हात तेवढा माझ्यापुढे धरला. बोटांवर सुईच्या खुणाच खुणा. तत्त्वज्ञानाची पदवी घेतलेल्या मला एक शब्द सुचला नाही.

त्या मुलीला टाइप वन मधुमेह आहे. तो गोड खाल्ल्याने होत नाही, आईबापांच्या पापाने तर नाहीच. शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वादुपिंडातील इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. मग ते रोज, जन्मभर टोचून घ्यावे लागते. डोस आणि जेवण यांचा मेळ चुकला की रक्तातली साखर झपाट्याने उतरते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात, कधी शुद्ध हरपते. अशा वेळी साखर हेच औषध. ख्रिस्तप्रसादापूर्वीच्या तासाभराच्या उपवासात पाणी व औषध चालते. आजाऱ्याला आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्याला तर तो नियमच लागू नाही. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायद्याचे कलम ९१९. सेमिनरीत मी ते पाठ केले होते!

जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचले गेले. त्याआधी अशा मुलांना अर्धपोटी ठेवून थोडे दिवस जगवत, इतकेच. तेव्हा एखाद्या प्रार्थनासभेत कोणी ‘विश्वास ठेवा, सुई बंद करा’ म्हणाले, तर मुळीच ऐकू नका. इन्शुलिन तुटले तर मूल काही दिवसांत दगावते. मार्ककृत शुभवर्तमानात प्रभूने याईराच्या बारा वर्षांच्या मुलीला मरणातून उठवले, आणि लगेच तिला काही खायला देण्यास सांगितले. एवढ्या मोठ्या चमत्कारानंतरही प्रभूला तिच्या भुकेची आठवण होती.

सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. त्या घरी फ्रिज नव्हता. इन्शुलिनची बाटली पिशवीत बांधून मातीच्या मडक्यात ठेवत, मडक्याला ओले फडके गुंडाळत. आई रात्री दोनला उठून मुलीची साखर तपासते. आता शेजारच्या बाईंनी आपल्या फ्रिजचा एक कप्पा त्यांना दिला आहे.

आणि आपल्या सॅक्रिस्टीतल्या कपाटात, वाइनच्या बाटलीशेजारी, साखरेच्या पुड्या असतात. त्या कपाटाला मिस्साच्या वेळी कुलूप नसते.