कवितेचे तास कोणाचे?

मी माग चालवतो आणि कविता लिहितो. लोक विचारतात, दोन्ही कसं जमतं? विचारणारा पांढरपेशा असला तर त्याच्या आवाजात कौतुक असतं, आपला असला तर काळजी. दोस्तांनो, मला दोन्ही नको. कारण जमतं कसं हा प्रश्नच नाही. कवितेसाठी लागणारा वेळ मी कोणाच्या खिशातून काढतो, हा प्रश्न आहे. तो मला कुठल्या पुस्तकाने नाही, एका ताक्याने शिकवला.

भिवंडीच्या लूमशेडात माझी बारा तासांची पाळी. सात ते सात. एक आठवडा दिवस, एक आठवडा रात्र. सहा माग माझ्याकडे. मी गेलो की तेच सहा माग माझा जोडीदार घेतो. तो जालन्याकडचा, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. मजुरी मीटरवर. माग जुने. बाण्याचा धागा तुटला तर माग थांबतो. ताण्याचा तुटला तर थांबत नाही, तसाच पळत राहतो. तिथे माणसाचा डोळाच लागतो.

एका दुपारी माझं मन ओळीत अडकलं. त्या खटखटाटात ओळ सुचते, हे मागावर उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही. बिडीच्या बंडलाचा कागद काढला आणि लिहीत बसलो. तेवढ्यात चौथ्या मागावर ताण्याचे धागे तुटले, शेजारच्यांत गुंतले, आणि हातभर कापडाची चाळण झाली. मी धागे जोडले, माग सुरू केला, आणि गप्प राहिलो. रात्री ताका पुरा झाला. तो जोडीदाराने उतरवला, म्हणून त्याच्याच नावावर चढला. तपासणीत डॅमेज निघालं. त्याचे दीडशे रुपये कापले.

आता बघा, मी स्वतःला काय सांगत आलो होतो. मालक आपलं रक्त पितो, तेव्हा त्याची दहा मिनिटं मारली तर ती चोरी नाही, वसुली आहे. सभेत टाळ्या घेणारं वाक्य! पण मालकाचा छदाम गेला नाही. गेला तो माझ्यासारख्याचाच. ही व्यवस्था अशी बांधलीय की वरच्याच्या खिशात हात घालायला जावं, तर तो शेजारच्याच्या खिशात शिरतो. हे न ओळखता केलेला विद्रोह कागदावर कितीही पेटू दे, खाली कुणाची तरी चूल विझवतो.

पाळी बदलताना मी त्याला गाठलं. म्हणालो, "दादा, ते डॅमेज माझ्या हातचं."

"ठाव हाय मला."

"मग बोलला का नाहीस?"

"बोलून तुझे कापले असते, एवढंच. कविता तरी धड झाली का?"

झाली नव्हती. मी दीडशे रुपये त्याच्या हातावर ठेवले. त्याने मोजून घेतले. घेतले हे बरं झालं. माफ केलं असतं तर मी त्याच्या मोठेपणावर आणखी एक कविता पाडली असती.

काही मित्र म्हणतात, नोकरी सोड, पूर्णवेळ लिही. खोलीचं भाडं कोण देणार, ते सांगत नाहीत. दुसरे म्हणतात, अण्णाभाऊ गिरणीत राबले, नारायण सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई झाले, ढसाळांनी टॅक्सी चालवली आणि 1972 ला 'गोलपिठा' दिला. मग तुला काय होतंय? या दाखल्यात एक लबाडी आहे. जणू घामानेच कविता पिकते! ते लिहू शकले ते राबण्यामुळे नव्हे, राबणं पुरून उरल्यामुळे. ज्यांची कविता पाळीतच मेली, त्यांची नोंद कुठल्या ग्रंथालयात आहे?

तरी मागाला मी शिव्या देत नाही. मुंबईच्या गिरण्यांत एकेकाळी विणखात्यात आपल्या माणसाला दार बंद होतं. कांडी बदलली की धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढावं लागे. सवर्ण कामगार म्हणत, यांच्या थुंकीचा धोटा आम्ही तोंडाला कसा लावायचा? जास्त मजुरीचं खातं ते, म्हणून विटाळही तिथेच कडक. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला. तेव्हा मागावर उभं राहणं ही मला मिळालेली भीक नाही, ती कमाई आहे.

आणि वेळही कमाईच. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळताना बाबासाहेबांनी कारखाना कायद्याची दुरुस्ती आणली. 1946 मध्ये ती मंजूर झाली आणि बारमाही कारखान्यांत आठवड्याचे 54 तास 48 वर आले. सहा तास सुटले. त्या सहा तासांत माणसाने काय करावं, हे कायदा सांगत नाही. झोपेल, पोराला शिकवेल, सभेला जाईल, कविता लिहील. माझ्या लेखी कवितेचे तास ते. कोणा एकट्याच्या हुशारीने ते निघाले नाहीत.

माझ्या शेडात सहा दिवसांचे 72 तास भरतात. 48 वजा करा. 24 उरतात. माझी कविता तिथे आहे, जोडीदाराची झोपही तिथेच आहे.

म्हणून दोन गोष्टी ठरवल्या. माग चालू असताना लिहायचं नाही; मालकासाठी नव्हे, जोडीदारासाठी. ओळ गेली तर गेली. रोज एखादी जाते, आणि खोटं कशाला बोलू, जीव तुटतो. दुसरी गोष्ट, सुट्टीच्या दिवशी कविसंमेलनाआधी आठ तासांच्या मागणीची बैठक. गेल्या खेपेला नऊजण आलो. जोडीदार मागे बसला होता. बोलला नाही, पण उठूनही गेला नाही.

आठ तासांची मागणी पोटाची आहेच. ती साहित्याचीही आहे, हे आपण लिहिणाऱ्या पोरांनी आधी समजून घ्यावं.

ती ओळ अजून धड झालेली नाही. जोडीदार अधूनमधून विचारतो.

जय भीम.