चित्रातील देह आणि देही

इ. स. १७९२ मध्ये जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने पुण्यास सवाई माधवराव पेशव्यांचे तैलचित्र काढले. जवळ नाना फडणीस आहेत. विलायतेतील सरदारघराणी त्या काळी अशी चित्रे हौसेने काढवून घेत. तीच रीत येथे आली. पेशव्यांचे वय तेव्हा अठराच्या आसपास. तीनच वर्षांनी, १७९५ मध्ये, शनिवारवाड्यात वरून पडून त्यांचा अंत झाला. वेल्सही त्याच साली वारला. चित्र मात्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आजही आहे.

मग टिकले ते काय? रंग आणि कापड! बाल्य, तारुण्य, वार्धक्य या देहाच्या अवस्था, असे गीतेचा दुसरा अध्याय सांगतो. चित्रकाराने त्यांतील एक धरून ठेवली; तिसरी पेशव्यांच्या वाट्यास आलीच नाही. या अवस्था ज्याच्या देहास येतात, तो देही कुंचल्यास सापडत नाही.

म्हणून वडिलांची तसबीर भिंतीवरून उतरवावी काय? मुळीच नाही. तीस हार घालणे ही कृतज्ञता होय. परंतु वडील त्या चौकटीतच उरले असे मानून जो झुरत बसतो, त्याचा शोक अर्जुनाच्याच जातीचा आहे. आणि त्या शोकास भगवंतांनी रागावून नव्हे, जणू हसतच उत्तर दिले.